चार डब्या

दगडफुलाला कच्चं असताना फारसा वास नसतो. कढईत थोड्या तेलावर पडलं, उलथन्याने दोन-तीनदा हलवलं, की एकदम सुटतो. तो सुटला की पाच-सहा सेकंदांत कढई खाली घ्यायची, नाहीतर काळ्या मसाल्यात जो कडवटपणा उतरतो तो कशानेही जात नाही. हे मला कोणी घड्याळ लावून शिकवलेलं नाही. आठ वर्षं घरून मसाला करून विकतेय. एका उन्हाळ्यात दोन-अडीचशे किलो जातो, आणि त्यातला प्रत्येक जिन्नस मी नाकाने उतरवते. डोळे फक्त सोबतीला असतात.

2021च्या एप्रिलमध्ये मी अशीच कढईसमोर उभी होते. हलवतेय, वासाची वाट बघतेय. हॉलमधून सासूबाई ओरडल्या, "अगं, काय जाळतेयस?" खाली बघितलं तर कढईत कोळसा.

हिंगाची डबी उघडली. काही नाही. फिनेलच्या बाटलीला नाक लावलं. पाण्याची बाटली असावी तसं. मग मिरच्या भाजायला घेतल्या, तर ठसका लागला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला इतका आनंद झाला! म्हटलं, नाक आहे जागेवर. तो आनंद खोटा होता, ते नंतर कळलं.

करोनाची तपासणी पॉझिटिव्ह आली. आमचं घरच्या घरी निभावलं. त्या एप्रिलात नाशकात ज्यांचं घरी निभावलं त्यांनी वासाबिसाची तक्रार करणं मलाच बरं वाटेना, म्हणून महिनाभर कोणाकडे बोलले नाही. बरोबरच्या बायकांचा वास दोन-तीन आठवड्यांत परत आला. माझा आला नाही. मे संपला, मसाल्याचा हंगाम संपला. उरलेल्या ऑर्डरी सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि "उतरव", "अजून थांब" असं सांगत राहिल्या, म्हणून पुऱ्या झाल्या. सत्तरीच्या बाईला भट्टीसारख्या स्वयंपाकघरात बसवून ठेवायचं, याची मला लाज वाटायची.

उपाय सांगायला सगळेच पुढे. ओवा-कापराची पुरचुंडी, मोहरीचं तेल नाकात, वाफ, पुन्हा वाफ. दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, शूर्पणखेचं नाक जिथे कापलं त्या गावात राहता, सांभाळून राहायचं ना." नाशिक हे नावच नासिकेवरून पडलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. तेव्हा हसले. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही.

खरी भीती गॅसची होती. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं गंधकाचं उग्र संयुग मुद्दाम मिसळतात. म्हणजे ही सगळी सोय नाक असलेल्यांसाठी. एकदा शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं राहिलं, मी त्याच ओट्यावर कणीक मळत होते, आणि शाळेच्या मैत्रिणीकडून परतलेल्या मुलीने दारातूनच आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी गॅसचा अलार्म बसवला आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, आत सूज वगैरे काही नव्हतं. म्हणाले, "औषधापेक्षा तालीम करा. नाकाची." मला वाटलं, गंमत करतायत. पण त्यांनी कागदावर चार नावं लिहिली: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009मध्ये ही पद्धत मांडली. चार वास, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. प्रत्येक वास दहा-पंधरा सेकंद, हलके हलके हुंगायचा, मध्ये जरा थांबायचं. "आणि हुंगताना दुसरं काही करायचं नाही," ते म्हणाले. "मोबाईल नाही, टीव्ही नाही. तो वास कसा होता ते आठवायचं."

जुन्या नाशकातून गुलाबाचं अत्तर आणलं, बाकी तीन तेलं औषधांच्या दुकानातून. मसाल्याच्या नमुन्यांसाठी माझ्याकडे काचेच्या छोट्या डब्या होत्याच. चार डब्यांत कापसाचे बोळे, त्यावर थेंब थेंब तेल, झाकणावर चिठ्ठी. मुलगी बारावी होऊन नीटच्या तयारीला बसली होती. तिने वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, चार वास, दहापैकी गुण.

पहिले सहा आठवडे त्या वहीत शून्याशिवाय काही नाही. खोटं सांगत नाही, नुसती शून्यं. पहाटे सहाला गच्चीवर जायचं, डबी उघडायची, नाकाखाली धरायची आणि हवा हुंगायची. "गुलाब" म्हणायचं आणि गुलाब आठवायला बघायचं. गंमत बघा, गुलाबाचा रंग आठवतो, पाकळीचा मऊपणा आठवतो, लग्नातला हार आठवतो. वास आठवत नाही. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणायचे. त्या गुलशनाबादेत मी अत्तराचा बोळा नाकाला लावून ठोंब्यासारखी बसलेली.

दुसऱ्या आठवड्यात एकदाच निलगिरीला मी दोन गुण दिले होते. काहीतरी आलं होतं खरं. मुलगी म्हणाली, "आई, ते थंड वाटलं की वास आला?" विचार केला. थंड वाटलं होतं. मग तिने मला पहिला धडा दिला. चेहऱ्याला आणि नाकाच्या आतल्या त्वचेला ट्रायजेमिनल नावाची वेगळी नस असते. मिरचीची झोंब, निलगिरीचा गारवा, अमोनियाचा भपका हे तिच्याकडून कळतं, वासाच्या नसेकडून नाही. नाकाला मिरच्या झोंबणं आणि मिरचीचा वास येणं ही दोन वेगळी खाती. एप्रिलमधला माझा ठसका म्हणजे हेच. वहीतले दोन गुण खोडले.

आमच्या या शिकवण्या रात्री भांडी झाल्यावर चालायच्या. तिची उजळणी व्हायची, मला कळायचं. नाकाच्या अगदी वरच्या छतात वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात. माणसात त्यांच्यावरचे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक, म्हणजे वास पकडणारे रिसेप्टर, आणि एका पेशीवर साधारण एकाच प्रकारचा. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991मध्ये हे जनुकांचं मोठं कुटुंब शोधून काढलं, 2004मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एक वास एका ग्राहकाचा नसतो. लवंगेने अमुक इतके दिवे लागतात, दालचिनीने दुसरे, काही दोघींत सामाईक. मेंदूला दिसते ती दिव्यांची नक्षी.

करोनाचा विषाणू म्हणे या चेतापेशींत सहसा शिरत नाही. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत शिरतो, आणि आधार गेला की यांचीही वाताहत होते. पण शरीरातल्या बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की गेल्या, तसं यांचं नाही. नाकाच्या अस्तरात खाली मूळपेशी असतात, त्या आयुष्यभर नव्या वास-पेशी तयार करत राहतात.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"अडचण वायरिंगची," ती म्हणाली. नव्या पेशीला आपला धागा चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून वर, मेंदूच्या ऑल्फॅक्टरी बल्बपर्यंत न्यावा लागतो. तिथे प्रत्येक ग्राहकाचं ठरलेलं ठिकाण असतं. सगळ्या लवंगवाल्यांनी एका ठिकाणी जमायचं, सगळ्या लिंबूवाल्यांनी दुसऱ्या, असं समज. एकदम शेकडो पेशी नव्याने निघाल्या की काही चुकीच्या दारात शिरतात.

बल्ब म्हणजे कंद. कांदाही कंदच. कांदा माझी पाठ सोडणार नव्हता, हे तेव्हा कळायला हवं होतं.

जुलैत आषाढी एकादशीच्या आधी कांदेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची भाजी, भाकरीशी कांदा, मग चातुर्मासात बंद. मी ओट्याशी भजी तळत होते आणि एकदम मेलेल्या उंदराचा वास आला. वास! तीन महिन्यांनी! मी आनंदाने ओट्याखाली उंदीर शोधायला लागले. सासूबाई बघत राहिल्या. त्यांना भज्यांचा खमंग वास येत होता. उंदीर कढईत होता.

पुढचे तीन महिने वाईट गेले. काही येत नव्हतं तेव्हा परवडलं असं म्हणायची वेळ आली. तळलेला कांदा, लसणाची फोडणी, कॉफी, भाजलेलं खोबरं, सगळ्याला तोच एक वास, कुजल्याचा आणि जळक्या रबराचा मिळून. लासलगावची बाजारपेठ ज्या जिल्ह्यात आहे तिथे कांद्यापासून पळून जायचं कुठे? शेजारच्या घरातल्या फोडणीने मी गॅलरीचं दार लावून घ्यायचे. मिसळीच्या दुकानावरून जाताना नाकाला पदर. लोकांना वाटायचं, आता ही नाकाने कांदे सोलायला लागली. सासूबाईंनीच तोड काढली, "विचारलं तर सांग चातुर्मास कडक पाळतेय." गौरी-गणपतीचे दिवस, बिनकांद्या-लसणाचा नैवेद्य, माझ्या वर्षातले सगळ्यात सुखाचे. वजन मात्र सहा किलोंनी उतरलं.

डॉक्टर म्हणाले, "हे चांगलं लक्षण आहे." मला त्यांचा राग आला, आजही थोडा आहे. पण त्यांचं म्हणणं असं: तार जोडली जातेय, अजून नीट जोडलेली नाही. चारशेतले काही दिवे लागतायत, बरेच नाहीत, काही भलत्याच जागी लागतायत. मेंदूला ही नक्षी ओळखीची नाही, आणि त्रास देणाऱ्या वासांत गंधकाची संयुगं पुष्कळ. ती इतकी जहाल असतात की चिमूटभरही पुरतात, म्हणून तीच आधी कळतात. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे 2022मध्ये कॉफीतलं असं एक गंधकाचं संयुग माझ्यासारखा भलताच वास येणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास देतं असं दाखवलं. ते वाचलं तेव्हा एवढंच वाटलं, मी वेडी नव्हते.

"तालीम सोडू नका. उलट आताच खरी," डॉक्टर म्हणाले.

का, ते मुलीने समजावलं, आणि ते मला आतापर्यंतचं सगळ्यात पटलेलं. कॅनडाचे डोनाल्ड हेब यांनी 1949मध्ये मांडलं होतं: एक चेतापेशी दुसरीला पुन्हा पुन्हा पेटवण्यात भाग घेत राहिली, तर त्या दोघींमधला सांधा बळकट होतो. 1973मध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूत ते मोजूनच दाखवलं. थोडा वेळ झपाझप विजेचे ठोके दिले, तर तोच सांधा पुढे कित्येक तास जास्त जोरात उत्तर देत राहिला. त्या सांध्यावर एक दार असतं, तिच्या पुस्तकात त्याचं नाव एनएमडीए ग्राहक. देणारी पेशी आणि घेणारी पेशी दोघी एकाच वेळी जाग्या असतील तरच ते उघडतं. एकटीने कितीही ठोठावलं तरी नाही.

"म्हणून वास येत नसला तरी आठवायचं," ती म्हणाली. "खालून अर्धवट निरोप येतोय. वरून तू आठवण जागी ठेवलीस तर दोन्ही एका वेळी."

हे तिचं स्वतःचं जोडकाम होतं, पुस्तकातलं नाही, तिनेच कबूल केलं. पण मी त्या दिवसापासून डबीबरोबर एक खरी लवंग चिमटीत धरायला लागले. तिचं डोकं, चार पाकळ्यांची खाच, बोटाला लागणारं किंचित तेल. मोठ्याने "लवंग" म्हणायचं आणि मग हुंगायचं.

सप्टेंबरच्या मध्यावर, गणपती उठल्यानंतरच्या एका सकाळी, लवंगेची डबी उघडली आणि तोंडातून शब्द निघाला, "दात."

मुलगी समोर चहा घेत होती. "काय?"

"दाताचा दवाखाना. ती खुर्ची."

लवंग नव्हतीच माझ्या डोक्यात. हिरवी रेक्झीनची खुर्ची होती, मी तिसरी-चौथीत, आई माझा हात धरून उभी. लवंगेचा वास ज्याने येतो ते युजेनॉल दाताचे डॉक्टर भरणाच्या सिमेंटमध्ये वापरतात. नावाआधी खुर्ची आली. वासाच्या नसेचा माल बल्बमधून जवळजवळ थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशेजारी उतरतो, नजर आणि आवाजासारखा आधी मेंदूतल्या थॅलॅमसच्या चौकीवर थांबत नाही. बाकीचं कळायला मला आणखी आठवडा लागला: खुर्ची, दात, मग हळूहळू लवंग, मग मसाल्यातली लवंग. वहीत तीन गुण. हे खोडले नाहीत.

त्यानंतर मात्र मी हट्टाला पेटले. बारा आठवडे संपले होते. डॉक्टर म्हणाले, हवं तर वास बदला, दुसरे चार घ्या. मी माझेच घेतले: जिरं, दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र. जुने चारही चालू ठेवले. सकाळी आठ डब्या, रात्री आठ डब्या, घरच्यांना वेड लागलंय असं वाटलं असेल.

याच दिवसांत मुलीने एक प्रयोग वाचून दाखवला, तो मी येईल-जाईल त्याला सांगते. अँड्रोस्टेनोन नावाचं एक रसायन आहे, काही लोकांना त्याचा वासच येत नाही. पण रोज हुंगवलं तर त्यांतल्या काहींना यायला लागतो. कॅलिफोर्नियात नोम सोबेल यांच्या गटाने 2002मध्ये असं केलं की रोज एकाच नाकपुडीला तो वास द्यायचा, दुसरी बंद. काही आठवड्यांनी जिला कधीच वास दिला नव्हता तीही नाकपुडी शिकलेली निघाली. दोन नाकपुड्यांची आत भेट होते ती मेंदूतच. म्हणजे शिकणारा वर बसलाय, नाक नुसतं दार.

ऑक्टोबरात दिंडोरीला दादाच्या द्राक्षबागेत गेले. गोडी छाटणी चालू होती. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढवलेल्या काड्यांपैकी कुठली किती डोळ्यांवर कापायची हे दादा बघता बघता ठरवत होता, कात्रीचा आवाज टक-टक. मी त्याला माझी कथा सांगितली. मेंदूही असंच करतो म्हणे, वापरातले सांधे जाड करतो आणि पडून राहिलेले छाटतो. दादा म्हणाला, "मग तुझी कांद्याची काडी कोणी ठेवली? ती आधी छाटायला पाहिजे होती." त्याला मी हे सांगू शकले नाही की वाईट काडी आपोआप छाटली जात नाही. रोज फोडणीला तोंड वाकडं केलं की आपणच तिला खत घालतो. मी कांदा टाळत होते ते पोटासाठी बरोबर होतं, नाकासाठी नसावं. घरी आल्यावर रोज थोडा कच्चा कांदा, लांबून, मग जवळून, मग बटरवर किंचित परतलेला. दिवाळीपर्यंत उंदीर गेला. राहिलं ते जळकं रबर, तेही पातळ.

2022च्या एप्रिलमध्ये पुन्हा मसाल्याला बसले. सासूबाईंनी आधी परीक्षा घेतली. माझे डोळे ओढणीने बांधून वाट्या समोर धरल्या. जिरं बरोबर, दालचिनी बरोबर, शहाजिरं चुकलं, वेलदोडा बरोबर, तमालपत्राला मी चहा पावडर म्हटलं. बारापैकी आठ. "पास," त्या म्हणाल्या, पण खुर्ची त्यांनी आणूनच ठेवली होती.

शेवटी दगडफूल. तेल, कढई, उलथनं. मी वाट बघत राहिले त्या जुन्या वासाची. तो आला नाही. दुसराच आला, ओल्या लाकडी फळीवर कोणी गरम इस्त्री ठेवावी तसा. हे मी आधी कधी हुंगलेलं नव्हतं. क्षणभर हात थांबला.

"उतरव," सासूबाई म्हणाल्या.

उतरवली. पुढच्या घाण्याला इस्त्रीचा वास आला तेव्हा त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. तिसऱ्याला त्या झोपल्या होत्या. इस्त्री आली, मी उतरवली. चौथ्या घाण्यानंतर मला इस्त्री आठवेनाशी झाली, ते दगडफूलच होतं. चार घाणे, फार तर पाऊण तास. पूर्वीचा वास कसा होता ते आता मला सांगता येत नाही. मसाला कांडपाला नेला, गिऱ्हाइकांपैकी कोणीच काही बोललं नाही. एक बाई म्हणाल्या, यंदा जास्त चांगला झालाय. त्यांना मी काही सांगितलं नाही.

कॉफी अजून जमत नाही. लिंबू पूर्ण आलं, निलगिरी गारव्याशिवायही ओळखता येते. राहिला गुलाब. मुलगी आता हॉस्टेलला असते, रकाने मीच आखते. परवा रात्री डबी उघडली, पाकळी चिमटीत धरली, डोळे मिटून हुंगलं, बऱ्याच वेळाने काहीतरी आलं. वहीत लिहिलं: गुलाब, साबण, कुठला ते कळत नाही, दोन गुण. मग आठवून बघितलं आणि पेन्सिलने बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.